बास्केटबॉलच्या मैदानातलं घर

उन्हाळ्यात एखाद्याची बायको माहेरी गेली तर गाव समजून घेतं. पण बायको त्याच गावात, नदीकडच्या टोकाला, बांबूच्या जुन्या खोपटात जाऊन राहिली, आणि तीही नवऱ्याने सिमेंटचं नवंकोरं घर बांधल्यावर, तर गाव समजून घेण्याच्या भानगडीत पडत नाही. ते तो विषय तोंडात धरतं आणि पावसाळा लागेपर्यंत चघळत बसतं.

दूर पूर्वेच्या समुद्रातल्या बेटावर वसलेल्या बिनारायान गावात त्या उन्हाळ्यात चघळायला दिला गेला तो इल्देफोन्सो दुमलाव. लहानथोर सगळे त्याला मानोंग इल्दे म्हणत, म्हणजे इल्देदादा. मानोंग इल्दे तालुक्याच्या कचेरीत बांधकाम परवाने देण्याच्या टेबलावर जन्मभर बसून निवृत्त झाला होता. ज्याने आयुष्यभर लोकांच्या ओट्यांची लांबी-रुंदी विचारली, पायरी रस्त्यावर वीतभर आली म्हणून बायाबापड्यांना चार चार खेपा घालायला लावल्या, त्या माणसाची बायको उघड्यावर नांदते, हे गावाला फार गोड लागलं.

बरं, सरळ भांडून गेली असती तरी चाललं असतं. भांडणाला दोन बाजू असतात, त्यातली एक मानोंग इल्देने हिरिरीने मांडली असती. पण बासिलिया भांडली नाही. वैशाखवणवा पेटला, पत्र्याचं छप्पर टणटण तापू लागलं, आणि एका दुपारी तिने चटई गुंडाळली, तांदळाचा डबा उचलला आणि म्हणाली, “लाकाय, मी खोपटात चालले. इथं भाजून निघते मी.”

लाकाय म्हणजे म्हातारा. त्या बाजूला नवरा-बायकोचे केस पिकले की ती एकमेकांना लाकाय आणि बाकेत, म्हातारा आणि म्हातारी, अशाच हाका मारतात, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

हे खोपट म्हणजे त्यांचं जुनंच घर. बांबूच्या भिंती, ताडाच्या झावळ्यांचं छप्पर, खाली कोंबड्या फिरतील इतक्या उंचीचे खांब. सिमेंटचं घर बांधायचं ठरलं तेव्हा गावकऱ्यांनी ते अंगणातून अख्खंच्या अख्खं उचललं आणि बासिलियाच्या भावाच्या, फाउस्तिनोच्या रानात नेऊन ठेवलं. घर असं खांद्यावर उचलून न्यायचं आणि नंतर घरधन्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, ही तिथली रीत. मजुरीची भाषा कुणी करत नाही. केली तर तो अपमान समजला जातो.

तर बायको गेली आणि सल्ले आले. शेजारची मानांग कोर्दिंग, म्हणजे कोर्दिंगताई, सकाळी दात घासता घासता फाटकाशी आली. “मानोंग, छपरावर पोती ओली करून टाका.” मानोंग इल्देने टाकली. पोती दुपारपर्यंत वाळून पापड झाली आणि संध्याकाळच्या वाऱ्याने उडून तिच्याच दोरीवर जाऊन पडली. तर म्हणाली, “एवढी पातळ पोती कुणी टाकतं होय?” दुसऱ्या एकाने सांगितलं, घराला पांढरा रंग द्या. तिसरा म्हणाला, विजेचा पंखा घ्या. पंखा होता. तो गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचा. चौथ्याने तर डोळे बारीक करून विचारलं, “मानोंग, नक्की उकाड्यामुळेच गेल्या ना मानांग?” त्या माणसाकडे मानोंग इल्देने पुन्हा कधीही पेटवायला काडी मागितली नाही.

शेवटी त्यालाच कल्पना सुचली, आणि सुचली ती इतकी सोपी की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. बायको घरी येत नाही ना? मग बायको ज्या घरात आहे ते घरच घरी आणायचं! खोपट उचलून पुन्हा आपल्या अंगणात, सिमेंटच्या घराच्या शेजारी. बायको खोपटातही राहील आणि नवऱ्याच्या आवारातही राहील. गावाच्या तोंडाला आपोआप कुलूप.

बासिलियाने ऐकून घेतलं. “घर येत असेल तर मी येईन,” ती म्हणाली. “पण राहीन मी घरात. तुझ्या त्या भट्टीत पाऊल टाकणार नाही.”

“भट्टी? बाकेत, तालुक्याचे इंजिनियर पाहून गेलेत ते घर!”

“पाहून गेले ना? बसले का कुणी?”

या प्रश्नाचा अर्थ तेव्हा मानोंग इल्देला लागला नाही. बायकांच्या बोलण्यात असं काहीतरी असायचंच, असं समजून त्याने तो सोडून दिला.

घर रस्त्याने न्यायचं तर गावपंचायतीची, म्हणजे बारांगायची परवानगी हवी. नियम असा आहे की नाही हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, पण मानोंग इल्देला माहीत होतं, आणि तो नियमाने चालणारा माणूस. कापिताना रोमुआल्दा, म्हणजे गावच्या सरपंचबाई, अंगणात मासे खारवत बसल्या होत्या. “न्या की,” त्या म्हणाल्या. मानोंग इल्देने लेखी मागितली. बाईंनी हात धुऊन, कुरकुरत, लेखी दिली. ‘घर रस्त्याने नेण्यास हरकत नाही.’ तो कागद त्याने घडी करून छातीशी ठेवला. पुढे हाच कागद त्याच्या छातीवर बसणार होता.

घर उचलण्याची सूत्रं आपो सेवेरोकडे. आपो म्हणजे आजोबा. गावातलं प्रत्येक हललेलं घर त्यांच्या तोंडच्या हुकुमावर हललेलं. त्यांनी खोपटाभोवती फेरी मारली, खांब खालून मोकळे करून घेतले, तळाशी आडवे-उभे बांबू बांधून घेतले आणि सगळ्यांदेखत विचारलं, “इल्दे, रीत माहीत आहे ना? घर एकदा जमिनीला टेकलं की काम संपलं. काम संपलं की जेवण.”

“आपो, मला रीत शिकवता? परवाना खात्यात जन्म गेला माझा.”

“त्यासाठीच विचारतोय,” आपो म्हणाले.

सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आत, अख्ख्या गावातले बाप्ये बांबूंखाली शिरले. तिकडे मानोंग इल्देच्या परसात बासिलिया बायकांना घेऊन रांधत होती. बोकड कापलं होतं, आतड्यांचा कडू रस्सा मोठ्या कढईत रटरटत होता, उसाच्या दारूचा बुधला सावलीत ठेवला होता. आपोंनी आरोळी दिली आणि घर उठलं. पायांच्या जंगलावर एक घर डुलत डुलत निघालं, आणि पुढे, छाती काढून, हातातली काठी हलवत मानोंग इल्दे. ज्या रस्त्याने लोक त्याच्याकडे बघून हसले होते त्याच रस्त्याने आज तो बायकोचं घर वाजतगाजत आणत होता. असा आनंद त्याला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

देवळासमोरच्या बास्केटबॉलच्या मैदानापर्यंत सगळं उत्तम. मैदानाच्या मधोमध आल्यावर खालच्या गर्दीतून, घामाने डबडबलेल्या कुणीतरी विचारलं, “मानोंग, हे तुमच्या फाटकातून जाईल ना?”

“जाईल म्हणजे? तिथूनच तर बाहेर काढलं होतं!”

“तेव्हा फाटक होतं कुठं? तेव्हा भिंत तरी होती का?”

मानोंग इल्दे चार पावलं तसाच चालला. पाचवं पाऊल त्याने टाकलंच नाही. खोपट बाहेर पडलं तेव्हा अंगण उघडं होतं. त्यानंतर त्याने सिमेंटचं घर बांधलं, त्यानंतर घराभोवती पुरुषभर उंचीची भिंत घातली, भिंतीवर बाटल्यांच्या काचा रोवल्या आणि समोर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं वळवलेलं लोखंडी फाटक बसवलं. त्या फाटकाची रुंदी? दुसऱ्यांच्या फाटकांची रुंदी त्याने तोंडपाठ सांगितली असती. स्वतःचं फाटक त्याने कधी मोजलंच नव्हतं. स्वतःला परवाना देताना मोजतं कोण?

“थांबा!” तो ओरडला. “ठेवा खाली! मोजून येतो, आलोच!”

“इल्दे,” आपो सेवेरो म्हणाले, “विचार करून बोल. ठेवू?”

“ठेवा म्हणतो ना! डोक्यावर घर घेऊन उभे राहणार का?”

आपोंनी आरोळी दिली. घर खाली टेकलं, अगदी अलगद. मानोंग इल्दे काठी घेऊन धावत सुटला.

तो फाटकात वाकून काठीने रुंदी मोजत होता. एकदा मोजली, पटली नाही म्हणून पुन्हा मोजली. खोपट फाटकातून जायचं नाव नव्हतं. निम्मंही गेलं नसतं. तेवढ्यात त्याच्या काठीवरून एक पाय पलीकडे गेला. मग दुसरा. वर बघतो तो माणसांची रांग. जो तो “जरा सरका मानोंग,” म्हणत आत शिरत होता, परसातल्या रांजणापाशी हात धूत होता आणि केळीच्या पानांसमोर मांडी ठोकून बसत होता.

“अरे, इकडे कुठे? घर कुठाय?”

“टेकलं,” आपो सेवेरो हात झटकत म्हणाले.

“मैदानात टेकलं! इथं आणायचं होतं!”

“तू ठेवा म्हणालास. ठेवलं. टेकलं म्हणजे टेकलं, इल्दे. ही रीत उगाच नाही पडली. नाहीतर एकेक घरधनी दिवसभर उचला-ठेवा, उचला-ठेवा, जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत माणसांचे खांदे मोडेल. पुन्हा उचलायचं तर पुन्हा जेवण.”

मानोंग इल्दे परसाकडे धावला. “बाकेत, वाढू नकोस! काम झालेलं नाही!” पण बासिलियाने समोर भुकेली माणसं पाहिली आणि पळी घातली. तिच्या बाजूने बोलायचं तर, घामेजलेली माणसं पानावर बसल्यावर घर नेमकं कुठं आहे असं विचारणारी बाई त्या गावात जन्मायची होती. बोकड संपलं. बुधला आडवा झाला. मंडळी ढेकर देत, ‘छान झाला हो रस्सा, थोडं आलं जास्त हवं होतं’, असा अभिप्राय देऊन घरोघर झोपायला गेली. मानोंग इल्देच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ऐकायला कुणी जागं नव्हतं.

बासिलियाने कढई घासली, पालथी घातली, आणि चटई काखेला मारून मैदानाकडे निघाली. खोपटाच्या चार पायऱ्या चढली, खिडकी वर लोटली. देवळाजवळच्या शिरीषाची सावली निम्म्या छपरावर होती आणि नदीकडचा वारा कुठेही न अडता सरळ आत येत होता. “बरी जागा आहे,” ती म्हणाली.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आजवर बायको गावाच्या टोकाला राहत होती, तिकडे पाहायला जायचं तर पायपीट करावी लागे. आता ती गावाच्या ऐन मध्यावर, देवळासमोर, कुणालाही येता-जाता दिसेल अशी राहू लागली.

आणि दिवस कोणते? उन्हाळ्याचे! ग्रामदैवताची जत्रा तोंडावर, मैदानात बास्केटबॉलचे सामने रोज संध्याकाळी. जत्रेच्या आदल्या दिवशी अंतिम सामना. खेळाडूंनी पहिल्या दिवशी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाच बाजूच्या टोपलीवर खेळायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी खोपटाखालच्या सावलीत बसून पाणी पिऊ लागले. मग बासिलियाने बर्फ मागवला. बर्फ किसून त्यात दूध, गोड घेवडा, रताळ्याचे तुकडे आणि नारळ घालून ती हालो-हालो विकू लागली, आणि मग ते घर तिथून जावं असं म्हणणारा गावात एकच माणूस उरला.

तो माणूस कापितानाबाईंकडे गेला, छातीशी कागद धरून.

“मानोंग, नियमाला मी काय करू?” बाई म्हणाल्या. “तुम्ही परवानगी घेतलीत नेण्याची. थांबण्याची कुठं घेतलीत?”

“थांबायचं नव्हतंच मला!”

“पण थांबलंय. म्हणजे आधी थांबल्याबद्दल पंचायतीने ठराव करायला हवा. मग थांबलेलं नेण्याची नवी परवानगी.”

“करा मग ठराव!”

“सभासद कुठायत? एक शिट्टी फुंकतोय, दोघं खेळतायत, एक जत्रेच्या बँडमागे गेलाय. जत्रा झाली की सभा.”

“मग जत्रा झाल्यावर नेतो.”

“छे छे! अंतिम सामन्याला पूर्ण मैदान लागणार. शेजारच्या गावचे लोक येणार. त्याच्या आत घर निघालं पाहिजे, नाहीतर पंचायत ताब्यात घेईल.”

“म्हणजे हलवायची परवानगी जत्रेनंतर, आणि हलवायचं जत्रेआधी?”

बाईंनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. “मानोंग, मी सून होऊन गावात आले तेव्हा ओटा बांधायचा होता आम्हाला. तुम्ही अगदी असंच समजावून सांगितलं होतंत.”

मानोंग इल्दे तिथून उठला. माणसाच्या तोंडावर त्याचंच शहाणपण मारणाऱ्या लोकांशी काय बोलायचं? त्याने दारोदार फिरून बाप्यांना गाठलं. “ज्यांनी माझं बोकड खाल्लं त्यांनी माझं घर उचलायलाच हवं!” प्रत्येकाने मान डोलावली, प्रत्येकाला ते अगदी पटलं, आणि प्रत्येकाने विचारलं, “मग जेवण कधी?” दुसरं बोकड कापायला मानोंग इल्दे तयार नव्हता. प्रश्न बोकडाचा नव्हता, तत्त्वाचा होता, असं तो म्हणे. गावाचं म्हणणं, तत्त्व आणि बोकड त्याच्या घरात एकाच खुंटीला बांधलेले असतात.

मग त्याने यंत्रयुगाचा आधार घेतला. नांगरटीचा हातट्रॅक्टर भाड्याने आणला, खोपट घसरावं म्हणून खाली केळीचे सोप घातले, दोर कोपऱ्यातल्या खांबाला बांधला. निदान भिंतीपर्यंत तरी ओढून आणू, पुढचं पुढे. बघायला गाव जमलं. मानांग कोर्दिंग म्हणाली, दोर मध्ये बांधा. मानोंग इल्देने ते ऐकलं नाही, कारण पोत्यांचा अनुभव ताजा होता. ट्रॅक्टर भकभकला, दोर ताणला, खोपट करकरलं आणि कोपऱ्यातून असं काही फिरलं की रस्त्याकडे असलेलं दार थेट बास्केटबॉलच्या टोपलीकडे झालं. पुढे इंचभर सरकलं नाही. फक्त तोंड फिरवून बसलं. आत बासिलिया होती. ती खिडकीत आली आणि गावादेखत म्हणाली, “लाकाय, झालं का खेळून?”

त्या दिवसापासून चुकलेला प्रत्येक चेंडू दारातून सरळ तिच्या स्वयंपाकात जाऊ लागला. ती तो खिडकीतून परत फेके. हळूहळू ती गुणही सांगू लागली, आणि वेळ संपली की पातेल्याच्या झाकणावर पळी हाणू लागली. एका सामन्यात पंचाचा निर्णय तिने फिरवला आणि दोन्ही संघांनी तो मानला. मानोंग इल्दे हे सगळं आपल्या भिंतीच्या आत बसून, नुसत्या आवाजावरून, ऐकत असे. हशा व्हायचा, टाळ्या व्हायच्या, आणि मग झाकण वाजायचं.

अंतिम सामना दोन दिवसांवर आला तेव्हा बासिलियाने निरोप धाडला. घर पंचायतीने घेतलं तर ती बहिणीकडे, डोंगरापलीकडच्या शहरात जाणार. आणि या वेळी उन्हाळ्यापुरती नाही.

हा निरोप ऐकून मानोंग इल्दे आधी भडकला. मग पंखा लावून बसला. मग पंखा बंद केला. आजवर त्याला फक्त लाज वाटत होती. आता पहिल्यांदा भीती वाटली, आणि ती लाजेपेक्षा फार मोठी निघाली.

भर दुपारी, मैदानात चिटपाखरू नसताना, तो खोपटाच्या पायऱ्या चढला. बासिलिया घेवडा निवडत होती.

“बाकेत, मी तुझ्यासाठी एवढं घर बांधलं.”

“माझ्यासाठी?”

“मग कुणासाठी? छप्पर गळू नये, उंदीर येऊ नयेत...”

“लाकाय, घराला माझं काहीच म्हणणं नाही. उकाडा मी जन्मभर सोसला. तू ती भिंत घातलीस.”

“भिंतीने काय केलं?”

“वारा अडवला. आणि माणसं अडवली. पूर्वी कोर्दिंग परसातून यायची, मीठ मागायची, दोन गोष्टी बोलायची. कुणी रानात जाताना हाक मारायचं, येताना भाजी टाकायचं. आता फाटकाशी उभं राहून ओरडावं लागतं. आत आलं की तू पाय पुसायला लावतोस. खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढू देत नाहीस. लोक येतात, फरशी बघतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि निघून जातात. दिवसभर मी आणि ती फरशी. तुला मी घरात हवी होते की घरासारखी बघायला हवी होते, तेच मला कळेना.”

मानोंग इल्देला हे फार लागलं. भिंतीला नावं ठेवली म्हणून लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. “म्हणजे सगळा दोष माझाच,” असं म्हणून तो ताडताड पायऱ्या उतरला.

घरी येऊन त्याने थंड भात वाढून घेतला. तेवढ्यात भिंतीपलीकडून मानांग कोर्दिंग काहीतरी ओरडली. सल्ला असणार. एरवी त्याने कान बंद करून घेतले असते. आज त्याने कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, पण शब्द भिंतीपलीकडेच राहिले. “काय?” तो ओरडला. “काय म्हणालात?” उत्तर आलं नाही. ती निघून गेली होती. हातातला घास तसाच धरून तो कितीतरी वेळ बसला, आणि त्या रिकाम्या, चकचकीत, तापलेल्या घरात त्याला रडू आलं. कुणी पाहिलं नाही. पाहण्याची सोयच त्याने ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो पहार घेऊन भिंतीशी उभा राहिला. त्याआधी बोकडही सांगून ठेवलं होतं. अर्थात हे सगळं केवळ खोपट आत घेण्याच्या सोयीसाठी, हे त्याने पहिल्या घावाला जमलेल्या प्रत्येकाला बजावून सांगितलं. गाव जमलंच. “खालून सुरुवात करा,” एक म्हणाला. “वरून करा, काचा आहेत,” दुसरा म्हणाला. “फाटक ठेवा, नुसती भिंत पाडा,” मानांग कोर्दिंग म्हणाली. आणि त्याने तिचं ऐकलं. भिंत पडायला वेळ लागला, कारण बांधताना त्याने सिमेंटात काटकसर करू दिली नव्हती. आयुष्यात एकदा केलेला खर्चही त्याच्या आडवा आला.

नदीकडची बाजू कोसळली तेव्हा धुरळा उडाला, आणि तो धुरळा घरातून सरळ पलीकडे निघून गेला. खिडक्यांचे पडदे पहिल्यांदाच हलले.

धप धप आवाज ऐकून बासिलिया मैदानातून आली. फाटक बंदच होतं, आद्याक्षरांसकट. ती शेजारच्या खिंडारातून आत आली. चपलेला चुना, माती, सगळं घेऊन तशीच घरात गेली. मानोंग इल्देने दारातलं पायपुसणं पायानेच बाजूला सारलं. आतून फर्रफर्र आवाज आला. खुर्च्यांवरचं प्लास्टिक फाटत होतं. मग ती बाहेर येऊन पायरीवर बसली, हाताने वारा घ्यायला गेली आणि थांबली. वारा होता.

“कोर्दिंग, ये गं,” तिने हाक मारली. “बस.”

तोवर आपो सेवेरो बाप्ये घेऊन मैदानात उभे होते. निरोप आला, घर कुठं ठेवायचं? भिंत तर पडली होती, वाट मोकळी होती. मानोंग इल्दे उठला, काठी घेतली. “चला, इथं, या बाजूला...”

“इथं कशाला?” बासिलिया म्हणाली. “मी आले ना आता. ते तिथंच शिरीषाखाली सरकवा, मैदानाच्या बाहेर. माझा बर्फ तिथं खपतो.”

बाप्यांनी घर उचललं. चार ढांगा टाकल्या. टेकवलं. मैदान मोकळं झालं, कापितानाबाईंनी कुठलाही ठराव न करता मान डोलावली, आणि सगळी मंडळी हात धुवायला मानोंग इल्देच्या परसात आली. या वेळी फाटकाकडे कुणी वळलंही नाही.

“चार ढांगा!” मानोंग इल्दे किंचाळला. “चार ढांगांसाठी अख्खं बोकड? अरे, मैदान तुमचं, सामना तुमचा, सावली तुमची, आणि बोकड माझं?”

“टेकलं,” आपो सेवेरो पानावर बसत म्हणाले.

रस्सा वाढला गेला. खाणारे खिंडारातून येतच होते. त्यात घर उचलायला हातही न लावलेले होते, कापितानाबाई होत्या, शेजारच्या गावचा संघसुद्धा होता, आणि परवापर्यंत ज्याच्याकडे काडी मागायची नाही असं ठरवलं होतं तो माणूस तर खुर्चीवर बसून खात होता, प्लास्टिक निघालेल्या उघड्या खुर्चीवर. मानोंग इल्दे पळी घेऊन एकेकाकडे जळजळीत बघत वाढत फिरला. सगळ्यांचं झाल्यावर त्याला स्वतःच्या घरात बसायला जागा राहिली नाही. बासिलिया पायरीवर थोडी सरकली. तो तिच्याशेजारी टेकला.

“सामना झाला की भिंत परत बांधणार आहे मी,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

“बांध की,” बासिलिया म्हणाली. “चटई कुठं ठेवलीय मला माहीत आहे.”

मानोंग इल्देने वाडग्यात घेऊन रस्सा चाखला. मग त्याने वाडगा पुढे केला आणि म्हणाला, “आलं कमी पडलंय यात.”